हातांची दुसरी शाळा

सदऱ्याचं वरचं बटण लावायला त्या सकाळी मला दहा मिनिटं लागली. बोटं जागेवर होती, हलतही होती. पण बटण बोटांत आहे की निसटलं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. हातात जणू कुणी जाड मोजे चढवले होते.

मी सणसवाडीचा. नगर रस्त्यावरून पहिल्या पाळीच्या बसगाड्या जाऊ लागल्या की उठायचं आणि वहीत चार ओळी लिहायच्या, ही माझी अनेक वर्षांची सवय. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मग केमोथेरपी सुरू झाली. केस गळतात, उलट्या होतात, एवढं ऐकून होतो. बोटांचंही डॉक्टरांनी सांगितलं असेल. पण कर्करोग हा शब्द ऐकल्यावर पुढचे शब्द कानात शिरत नाहीत.

आधी थंडीचा त्रास सुरू झाला. माठाच्या पाण्यात हात गेला की विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. मग मुंग्या आल्या आणि शेवटी बधिरपणा. बँकेत सही जुळेना म्हणून पैसे काढायची स्लिप परत आली. तरी डॉक्टरांना मी काही बोललो नाही. औषध थांबवलं तर दुखणं उलटेल, ही भीती. एके दिवशी चहाचा स्टीलचा पेला हातात धरून मी बोलत बसलो होतो. पत्नी ओरडली, "अहो, ठेवा तो! बोट भाजलंय तुमचं!" बोटावर फोड आला होता आणि मला पत्ताच नव्हता.

पुढच्या खेपेला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "चाचा, हे मुंग्या आल्या तेव्हाच सांगायचं होतं." त्रास वेळेवर कळला तर औषधाची मात्रा कमी करता येते, दोन खेपांमधलं अंतर वाढवता येतं किंवा ते एक औषध वगळून बाकीचे उपचार चालू ठेवता येतात. माझ्या बाबतीत तेच केलं. मी गप्प बसून उपचार वाचवत नव्हतो, हात घालवत होतो.

हे होतं कसं, ते आमच्या तालुक्याच्या भाषेत सांगतो. शिरूरला चासकमानचं पाणी कालव्याने येतं. पाणी कमी पडलं की पहिला फटका टेलच्या शेतकऱ्याला. शरीरातही तसंच आहे. बोटांची संवेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशीचं मूळ पाठीच्या कण्याशेजारी असतं आणि तिचा धागा थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो. पायाचा धागा तर त्याहून लांब. मुळाशी तयार झालेलं पोषण एवढं अंतर चालत जातं. केमोथेरपीच्या काही औषधांनी ही वाहतूक बिघडते, काहींनी मूळ पेशीलाच इजा होते. म्हणून पायाची आणि हाताची बोटं आधी बधिर होतात.

माझं औषध ऑक्सालिप्लॅटिन, प्लॅटिनम धातूपासून बनवलेलं. पॅक्लिटॅक्सेलनेही असा त्रास होतो. आणखी एक औषध आहे व्हिन्क्रिस्टिन. ते मिळतं आपल्या दारातल्या सदाफुलीपासून. १९६०च्या दशकापासून रक्ताच्या कर्करोगावर ते वापरात आहे आणि असंख्य लेकरांचे प्राण त्याने वाचवले आहेत. जीव वाचवणारी ही औषधं जाता जाता नसांना ओरखडा काढून जातात.

बधिर हाताचं दुखणं आपल्याकडे नवं नाही. कुष्ठरोगात जंतूंमुळे नसा मरतात. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की रुग्णाची बोटं झडतात त्यामागे बहुतेक वेळा न कळलेलं भाजणं, कापणं आणि घासणं असतं. पुण्याजवळ कोंढव्याच्या रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी अशाच वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. आपलं कारण वेगळं असलं, तरी त्यातला धडा तोच आहे: बोटांना कळत नसेल तर डोळ्यांनी राखण करायची.

आता व्यायाम. फिजिओथेरपीच्या ताईंनी मला शिकवले, ते असे.

पहिला, अंगठा तर्जनीच्या टोकाला टेकवायचा, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी. आणि तसंच उलट यायचं. मला हसू आलं, कारण पेरांवर अंगठा फिरवत जप मोजायला लहानपणीच शिकलो होतो. तुम्हीही बोटांवर हिशेब करत असालच. तोच हा व्यायाम.

दुसरा, बोटं सरळ ताठ करायची, मग फक्त वरची दोन पेरं आकड्यासारखी वाकवायची, मग पूर्ण मूठ मिटायची, पुन्हा सरळ. तिसरा, पंजा टेबलावर ठेवून बोटं एकमेकांपासून लांब पसरायची आणि जवळ आणायची. चौथा, मऊ कणकेचा गोळा दाबायचा, त्यातून चिमटीने लहान गोळ्या तोडायच्या. प्रत्येक प्रकार पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दुखेपर्यंत करायचं नाही.

पाचवा व्यायाम बोटांपेक्षा मेंदूचा. परातीत ज्वारी घ्यायची आणि तिच्यात चिंचोका, बटण, किल्ली, रुपयाचं नाणं लपवायचं. डोळे मिटून हात घालायचा, वस्तू ओळखायची, मग डोळे उघडून खात्री करायची. गोणपाट, खादी आणि रेशमाचे तुकडेही असेच ओळखायचे. नसांकडून येणारा निरोप अर्धवट असतो. त्याचा अर्थ लावायला मेंदू सरावाने पुन्हा शिकतो. माझी नात परीक्षक असते. चिंचोक्याला मी नाणं म्हटलं, की आजोबा नापास!

काही पथ्यंही आहेत. आंघोळीचं पाणी बोटांनी न पाहता कोपराने पाहायचं. तवा, पातेलं जाड फडक्याशिवाय धरायचं नाही. सुरी, विळा चालवताना नजर हातावरच हवी. रोज रात्री उजेडात दोन्ही हात आणि तळपाय तपासायचे. ऑक्सालिप्लॅटिन चालू असेल तर सलाईननंतर काही दिवस गार पाणी, फ्रीजमधल्या वस्तू टाळायच्या. मी वुजूही कोमट पाण्याने करत होतो. हाताला सूज असेल, स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हातात औषधाची नळी बसवलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबण्याचे व्यायाम करू नयेत.

व्यायामाने हे दुखणं बरं होतंच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सगळे अभ्यास तपासले. हा त्रास टाळणारं खात्रीचं औषध त्यांना आढळलं नाही. वेदनेसाठी ड्युलोक्झेटिन हे एकच औषध त्यांनी सुचवलं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. व्यायामाचा उपयोग होण्याची शक्यता दिसते, पण पुरावा अजून प्राथमिक आहे, असं त्यांचं मत. शिवाय औषध थांबल्यावरही त्रास काही महिने वाढू शकतो, मग हळूहळू उतरतो. काहींचा थोडा राहतोच. त्या काळात खचून जाऊ नये, एवढ्यासाठी हे आधीच ठाऊक असावं.

माझं म्हणाल, तर बटण आता मिनिटभरात लागतं. पेनावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलं आहे. अक्षर वाकडं येतं, पण माझं मला वाचता येतं. बँकेत नवी सही दिली आहे.

तुमच्या घरी कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा: बटण लागतं का, चहाचा पेला गरम लागतो का, चप्पल पायातून निसटते का? उत्तर कागदावर लिहा आणि पुढच्या खेपेला तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. आजारी माणूस स्वतःहून सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)