तार जोडली, पण भाषा जुळली का? : यूनिक्स संगणकाला यूएसबी प्रिंटर जोडताना

नाशिक, प्रतिनिधी – नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. तेव्हापासून चलनी नोटा, मुद्रांक आणि पारपत्रांच्या पुस्तिका छापणारे शहर म्हणून नाशिकची देशभर ओळख आहे. मात्र याच शहरात न्यायालयाच्या परिसरातील टंकलेखनाच्या दुकानात किंवा एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात साध्या अर्जाचे एक पान छापताना अडचण उभी राहू शकते. संगणक सुरू असतो, प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला असतो, तारही जागेवर असते. कागद मात्र हलत नाही.

विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-अद्ययावतता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नवी विंडोज न पेलणारे अनेक संगणक धडधाकट असूनही निरुपयोगी ठरू लागले. अशा संगणकांवर यूनिक्सच्या परंपरेतील लिनक्स ही मोफत प्रणाली बसविण्याचा पर्याय स्वीकारता येतो. पण पहिल्याच दिवशी प्रिंटर चालला नाही, की 'यंत्र बाद झाले' असा निष्कर्ष काढून ते भंगारात काढले जाते. वास्तविक बहुतेक वेळा यंत्रात दोष नसतो. संगणक आणि प्रिंटर यांची भाषा जुळलेली नसते, एवढेच.

यूनिक्स आणि छपाईचे जुने नाते

यूनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडविलेल्या या प्रणालीचा पहिला खरा ग्राहक होता त्याच संस्थेचा पेटंट विभाग. पेटंटचे अर्ज नीट मांडणी करून कागदावर उतरविण्यासाठी १९७१ मध्ये त्या विभागाने यूनिक्स वापरण्यास सुरुवात केली. म्हणजे कार्यालयीन कागद तयार करणे हे यूनिक्सचे अगदी आरंभीचे काम होय.

पुढे मुक्त आज्ञावलीच्या चळवळीलाही एक प्रिंटरच निमित्त ठरला. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतील लेसर प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडकत असे. तशी सूचना संगणकावर मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. पण त्या यंत्राची मूळ आज्ञावली त्यांना नाकारण्यात आली. या अनुभवाचा उल्लेख त्यांनी पुढे वेळोवेळी केला. १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. लिनुस टॉरव्हाल्ड्स यांचा लिनक्स १९९१ मध्ये आला आणि या प्रकल्पाच्या साधनांसह तो जगभर पसरला.

आज लिनक्स असो वा अ‍ॅपलचा मॅक, दोन्हींच्या छपाईमागे 'कप्स' नावाची एकच व्यवस्था आहे. कॉमन यूनिक्स प्रिंटिंग सिस्टीम हे तिचे मूळ नाव. मायकेल स्वीट यांनी ती तयार केली आणि १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

तारेतून ओळखपत्र जाते

यूएसबी १९९६ मध्ये आले. ते घडविणाऱ्या इंटेलच्या अभियंत्यांत मूळचे बडोद्याचे अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. त्यापूर्वी बँकांच्या व कार्यालयांच्या यूनिक्स संगणकांना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जाड, अनेक टोचण्यांच्या तारेने जोडले जात. पलीकडे कोणते यंत्र आहे, हे तेव्हा माणसालाच संगणकाला सांगावे लागे.

यूएसबीमध्ये यंत्र स्वतःची ओळख स्वतःच देते. तार जोडताच 'मी प्रिंटर आहे' असा संकेत संगणकाला मिळतो. त्यापाठोपाठ एक छोटे ओळखपत्र पाठविता येते. त्यात कंपनीचे नाव, नमुना क्रमांक आणि बहुधा यंत्राला समजणाऱ्या भाषाही असतात. पोस्टस्क्रिप्ट, एचपीची पीसीएल, डॉट मॅट्रिक्स यंत्रांची ईएससी/पी या त्यातील जुन्या व सर्वमान्य भाषा होत. अशी भाषा जाणणारे यंत्र यूनिक्सला सहसा अडत नाही.

खरी अडचण स्वस्त लेसर प्रिंटरची असते. किंमत कमी ठेवण्यासाठी त्यांतील बुद्धी काढून संगणकावर सोपविलेली असते. पानाचा ठिपका न् ठिपका संगणकाने मांडायचा आणि तो त्या कंपनीच्या खास भाषेत पाठवायचा. कार्यालयांत सर्रास आढळणारा कॅनन एलबीपी २९०० हा याच जातीचा. त्याच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर कंपनीने दिला होता, पण तो नव्या प्रणालींवर बसविणे सामान्य वापरकर्त्यास जड जाते. एचपी लेसरजेट १०२० ची तऱ्हा आणखी निराळी. वीज बंद होताच तो आपली अंतर्गत आज्ञावली विसरतो. सुरू केल्यावर दर वेळी संगणकाने ती त्याला पुन्हा पाठवावी लागते. ती न मिळाल्यास संगणक 'काम पूर्ण' असे दाखवतो आणि पान मात्र कोरेही बाहेर येत नाही. एचपीच्या 'एचपीलिप' या संचासोबत स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा लागणारा पूरक भाग बसविला, की हा प्रश्न सुटतो.

जोडणीचा क्रम

प्रथम प्रिंटर सुरू करावा आणि यूएसबीची तार हबमधून न नेता थेट संगणकाला जोडावी. तार पाच मीटरपेक्षा लांब नसावी. त्यानंतर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिल्यास जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. यादीत प्रिंटरचे नाव नसेल, तर दोष तारेचा, खोबणीचा किंवा यंत्राचा आहे. ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नये.

नाव दिसत असल्यास ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत 'लोकलहोस्ट', त्यापुढे अपूर्णविराम आणि ६३१ हा आकडा लिहावा. कप्सचे पान उघडते. तेथील व्यवस्थापनाच्या विभागात 'अ‍ॅड प्रिंटर' निवडले, की यूएसबीवरील यंत्र यादीत येते. त्याचा नेमका नमुना निवडून नाव द्यावे. नावात मोकळी जागा सोडू नये. उबुंटूसारख्या प्रणालींवर हे काम 'एलपीअ‍ॅडमिन' या गटातील वापरकर्त्यालाच करता येते. परवानगी नाकारली गेल्यास प्रथम हीच बाब तपासावी.

पान अडते कोठे?

प्रिंटर जोडला, पहिली प्रत निघाली आणि दुसऱ्या दिवशी सारे ठप्प झाले, अशी तक्रार सर्वाधिक आढळते. छपाई सुरू असताना तार निघाली किंवा वीज गेली, तर कप्स ती रांग थांबवू शकते आणि तार पुन्हा जोडल्यावरही ती आपोआप सुरू होईलच असे नाही. मग वापरकर्ता पुन्हा पुन्हा छपाईची आज्ञा देतो आणि एकाच अर्जाच्या वीस प्रती रांगेत साचतात. अशा वेळी आधी जुनी कामे रद्द करावीत आणि मग 'रिझ्यूम प्रिंटर' निवडावे.

दुसरी अडचण कागदाच्या मापाची. प्रणाली बसविताना देश वा भाषा अमेरिकेची निवडली गेली, की कागदाचे माप 'लेटर' ठरते. लेटरची उंची २७९ मिलिमीटर, तर आपल्याकडील ए-४ ची २९७. माप न जुळल्यास प्रिंटर दुसऱ्या कागदाची वाट पाहत दिवा मिचकावत राहतो. लीगल कागद ३५६ मिलिमीटरचा. तो वापरायचा असल्यास माप प्रिंटरच्या मांडणीत आणि दस्तऐवजातही बदलावे लागते.

मराठी मजकुराचे काय?

मराठी अक्षरे प्रिंटरला समजतात का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराबाबत तशी गरजच नसते. जोडाक्षरे, रफार, वेलांटी यांची जुळणी संगणकावरच होते आणि प्रिंटरकडे तयार पान जाते. रेड हॅटचा 'लोहित' हा मोफत देवनागरी टंक लिनक्सवर सहज मिळतो.

प्रश्न जुन्या कागदपत्रांचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो टंक नव्या संगणकावर नसला, तर खरेदीखताचा मसुदा निरर्थक रोमन अक्षरांत उमटतो आणि खापर प्रिंटरवर फुटते. त्यामुळे प्रणाली बदलण्याआधी महत्त्वाचे जुने दस्तऐवज मूळ संगणकावरच, टंक अंतर्भूत करून, पीडीएफ स्वरूपात जतन करावेत. हे काम राहून गेले आणि मूळ संगणक पुसला गेला, तर वर्षानुवर्षांचे मसुदे वाचण्याजोगे करणे फार कष्टाचे ठरते.

नवा घ्यावा की जुना राखावा?

जुन्या यंत्राला एक अनपेक्षित लाभही मिळू शकतो. यूएसबीवरील प्रिंटर कप्समधून सामायिक केला, की त्याच कार्यालयातील इतर संगणक आणि मोबाइलही त्यावर छपाई करू शकतात. ज्या यंत्राला वायफाय ठाऊक नाही, ते अशा रीतीने सर्वांच्या उपयोगी पडते.

नवा प्रिंटर घेणाऱ्यांनी मात्र 'एअरप्रिंट' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' यांचा उल्लेख पाहून घ्यावा. अशा यंत्रांना स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही आणि त्यांतील अनेक यूएसबीवरही त्याच सामाईक भाषेत बोलतात. कप्सच्या पुढील पिढीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर वगळण्याचे तिच्या विकासकांनी जाहीर केले असल्याने ही दक्षता अधिक महत्त्वाची ठरते.

खरेदीच्या वेळी ग्राहक किंमत विचारतो, मिनिटाला किती पाने निघतात हे विचारतो, शाईचा खर्चही विचारतो. यंत्राला कोणती भाषा येते, हा प्रश्न त्याच वेळी विचारला, तर संगणकाची प्रणाली बदलली तरी प्रिंटर बदलण्याची वेळ सहसा येणार नाही.