मागून कट-कट आली की हाउसिंगच गेलं?

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात गाडीच्या मागच्या बाजूने कट-कट यायला लागली की पहिलं नाव निघतं ते हाउसिंगचं, म्हणजे मागच्या डिफरन्शियलच्या कवचाचं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट उतरवून परतणारी पिकअप असो, नाहीतर ओतूरहून कांदा भरून निघालेली. बाजूला उभा असलेला तिसराच माणूस 'हाउसिंग उतरवावं लागतंय बघा' म्हणून मोकळा होतो. काम मोठं, खर्च मोठा, आणि एवढं करून दोष पुष्कळदा दुसरीकडेच सापडतो.

हाउसिंगमधली क्राउन-पिनियन झिजली की ती सहसा कट-कट करत नाही, घुमते. वेग धरला की 'घुंऽऽ' असा सूर लागतो आणि ॲक्सिलेटर सोडला की बदलतो. दात तुटला असेल तर मात्र ठोका पडतो. पण मग तेलातही लोखंडाचे तुकडे येतात. तेव्हा हाउसिंगला हात घालायच्या आधी खालचा नट काढून तेल तेवढं बघावं.

त्याच्याही आधी गाडी कोणती ते बघा. बोलेरो, पिकअप, टाटा एस, इको यांना इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागच्या चाकांकडे जाते. अल्टो, स्विफ्ट, अर्टिगा यांना मागे क्राउन-पिनियन नसतेच. मागची चाकं नुसती ओढली जातात. तरीही या गाड्यांच्या मालकांना 'मागचं डिफरन्शियल' गेल्याचं सांगणारे महाभाग भेटतात. तिथे मागून आवाज आलाच तर ब्रेक, बेअरिंग, बुश किंवा शॉकअब बघायचा. वळण घेताना येणारी कट-कट बहुधा पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटची असते, पण पत्र्यातून आवाज असा फिरतो की आत बसलेल्याला तो मागचा वाटतो.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नेहमीचा गुन्हेगार म्हणजे शाफ्टचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट). ओळख सोपी आहे: क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पहिल्यात घालताना एकच 'टक्', आणि हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव. गाडी सपाट जागी उभी करून, चारही चाकांना पुढून-मागून दगड लावून, न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून बघा. सगळा शाफ्ट थोडा हलला तर बिघडत नाही, तेवढी ढिलाई दातांमध्ये असतेच. पण क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारा काटा) हलतो आणि दुसऱ्या बाजूचा जागेवर राहतो, असं दिसलं की निकाल लागला. टोपीभोवती तांबूस भुकटी जमली असेल तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत.

इथेच दुसरा गैरसमज येतो: ग्रीस मारलं की झालं. निपल असेल तर वेळोवेळी ग्रीस मारावंच, पण ते आजाराआधी. झिजलेला क्रॉस काढून त्याच्या टोकावरून नख फिरवा, सुयांनी पाडलेल्या खाचा लागतात. त्या ग्रीसने भरत नाहीत. आवाज चार दिवस दबतो आणि शाफ्ट मात्र तसाच फिरत राहतो. तो चालत्या गाडीत खाली गळून पडला तर काय होतं, हे माळशेज घाटात कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं.

'माल भरला की आवाज जातो, म्हणजे काही नाही' हेही खरं नव्हे. भाराने पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो, ढिलाई एका बाजूला दाबली जाते. दोष तिथेच असतो.

आवाजाची लय मोजली तर बरंच कळतं. बोलेरोच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी 10 किलोमीटरला चाक 4 सेकंदांत 5 फेरे घेतं. शाफ्ट त्याच्या सुमारे चौपट फिरतो. चाकाच्या लयीत टिकटिक असेल तर आधी टायरच्या खाचेत खडी अडकली आहे का बघा. फुकटचं काम आहे. मग व्हील नट. पंक्चर काढल्यावर 50-100 किलोमीटरने नट पुन्हा आवळायचे असतात, हे आपल्याकडे कोण करतं? नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर गाडी तिथेच थांबवा. आणि गतिरोधकावरच आवाज येत असेल तर शाफ्ट सोडून पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश आणि मधला बोल्ट तपासा.

सगळ्यात धोक्याचा समज शेवटी: हँडब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, म्हणून एक चाक जॅकवर उचलून खाली शिरायला हरकत नाही. या गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. त्यातलं एक उचललं की उरलेल्या एकट्या चाकावर सगळी भिस्त, आणि गिअर तर धरतच नाही, कारण डिफरन्शियलमुळे अधांतरी चाक मोकळं फिरतं. तसंच गिअरमध्ये इंजिन चालवून आवाज ऐकायला गेलात आणि जमिनीवरच्या चाकाने पकड घेतली, तर गाडी जॅकवरून उडी मारते. पुढच्या चाकांना ओंडके लावा, एक्सलखाली स्टँड द्या आणि मगच खाली जा.

शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही जोडांवर रंगाची खूण करून ठेवा. योक एका रेषेत बसले नाहीत, तर नव्या क्रॉसनंतर कट-कट जाते आणि थरथर सुरू होते.