सांगाड्यावरचा बिस्किटांचा बंगला

लग्नाच्या मांडवात रुखवत मांडले की मुलांची गर्दी कुठे होते, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. सुपारीचे नवरा-नवरी, हलव्याचे दागिने, साखरेचे तुळशीवृंदावन हे सगळे मोठ्यांसाठी. मुले थबकतात ती बिस्किटांच्या बंगल्यापाशी. मारीच्या भिंती, क्रीमच्या बिस्किटांचे छप्पर, रंगीत गोळ्यांची अंगणातली वाट आणि दारावर 'सुस्वागतम्'. पण हा बंगला कुणी खाल्लेला तुम्ही पाहिला आहे का? मी तरी नाही. लग्न उरकले की तो मुलीच्या सासरी कपाटावर जाऊन बसतो, त्याला मुंग्या लागतात आणि एक दिवस कुणाचे लक्ष नसताना तो कचऱ्यात जातो.

युरोप-अमेरिकेत नाताळच्या दिवसांत असेच घर करतात. सुंठ, दालचिनी, मध किंवा काकवी घातलेल्या बिस्किटांचे असते, म्हणून त्याला जिंजरब्रेड हाउस म्हणायचे. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीमुळे हे घर जगभर पोचले. त्या गोष्टीत चेटकिणीच्या घराच्या भिंती पावाच्या, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या आहेत. जंगलात वाट चुकलेली ती भुकेली भावंडे घर दिसताक्षणी काय करतात? भाऊ छप्पर तोडून खातो आणि बहीण खिडकी. घर खाण्यासाठीच होते, हे त्या मुलांना बरोबर कळले. आपण मोठी माणसे मात्र ते विसरून गेलो.

हे सगळे सुचायला कारण आमचे हजिरा. माहेर-सासर दोन्ही बेळगावकडचे, पण नोकरीच्या निमित्ताने गेली कित्येक वर्षे आमचा मुक्काम सुरतेजवळच्या या टोकावर आहे. इथे तापी समुद्राला मिळते. कृभकोचा खत कारखाना, ओएनजीसीचा गॅस प्रकल्प, एल अँड टी, पोलाद कारखाना, बंदर. जिकडे पाहावे तिकडे धुराडी आणि क्रेन. वसाहतींमध्ये सगळा देश नांदतो. आमच्या आसपास बेळगाव, धारवाड, विजापूरकडची बरीच घरे आहेत. मुले आईशी मराठी बोलतात, अज्जीशी कन्नड आणि खाली मैदानात उतरली की हिंदी-गुजराती. डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली की ही सगळी सेना आमच्या स्वयंपाकघरात येते आणि सुरू होते, "काकू, बिस्किटांचं घर करूया!"

अडचण आहे ती इथल्या हवेची. समुद्र हाकेच्या अंतरावर. साखर, गूळ, मध हे सगळे पदार्थ हवेतला ओलावा ओढून घेणारे. सकाळी टणटणीत असलेली भिंत इथे रात्रीपर्यंत मऊ पडते. त्यात छपराचे वजन. साधारण वीतभर लांबीच्या घराचे छप्पर ६ मि.मी. जाड बिस्किटाचे केले, तर तेवढेच पाव किलोच्या आसपास भरते. आणि उतरते छप्पर भिंतींवर नुसते टेकत नाही, भिंतींना बाहेर ढकलते. आपल्या जुन्या घरांत भिंतींवर आडवी तुळई टाकून हा रेटा बांधून ठेवत. बिस्किटांच्या घरात तुळई कुठली? एका वर्षी वसाहतीतल्याच एका चिमुरडीने आईच्या मदतीने दोन दिवस खपून घर केले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो भिंती चारी दिशांना आडव्या. त्या पोरीचे तोंड आठवले की अजून वाईट वाटते.

यावर थंड देशांतले लोक काय करतात, तर बिस्किटच विटेसारखे भाजतात. लोणी कमी घालायचे आणि टणक होईपर्यंत भट्टीत ठेवायचे. घर उभे राहते, पण दाताला काही चावत नाही. म्हणजे पुन्हा रुखवतातल्या बंगल्याचीच गत.

आमच्या शेजारच्या धारवाडच्या अज्जींचा राग यावरच होता. "अन्न अंदर देवरु," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मैदा-साखर-तूप घेऊन खेळणी करता आणि टाकून देता?" त्यांना उत्तर द्यायला कुणी पुढे झाले नाही. द्यायचे तरी काय? बोलणे खरेच होते. अज्जींच्या घरी गौरी हुण्णिमेला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, सक्करे आरती करतात. लाकडी साच्यांत साखरेचा पाक ओतून हत्ती, मोर, रथ, देऊळ काढायचे, आरतीच्या ताटात मांडायचे आणि मग घरोघर वाटून खायचे. शोभा आणि प्रसाद एकच. पाडव्याच्या साखरेच्या गाठी, संक्रांतीचा हलवा यांचेही तेच. मिरवून झाले की तोंडात. अन्नाची शोभा करण्याला आपल्या कुठल्याच घरात मनाई नाही. ती टाकण्याला आहे.

माझे मत असे, की यातून सुटायची वाट म्हणजे सांगाडा. पुष्कळ जणींना तो फसवणूक वाटतो. "आतून पुठ्ठा? मग ते बिस्किटांचं घर कसलं?" हा प्रश्न मला दर वर्षी ऐकू येतो. पण जरा हिशेब करून पाहा. वजन सांगाड्याने उचलले की बिस्किटाला विटेचे काम उरत नाही. ते पातळ, खुसखुशीत, तुपाचे, अगदी नानखटाईसारखे करता येते. म्हणजे सांगाड्यामुळेच घर खाण्याजोगे होते. गणपतीच्या मखराला आतून बांबू असतो म्हणून मखर खोटे ठरते का?

मोठी कामे करणारेही आधार घेतातच. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ब्रायन गावी २०१३ मध्ये जगातले सर्वांत मोठे जिंजरब्रेड घर उभारले. त्याचे आकारमान ३९,००० घनफुटांहून जास्त, आत माणसे फिरतील एवढे. एका रुग्णालयासाठी निधी जमवायला ते केले होते, आणि त्याच्या आत लाकडाचा भक्कम सांगाडा होता. आपल्याकडे पुण्याच्या प्राची धबल देब यांनी रॉयल आयसिंगमध्ये, म्हणजे घट्ट फेटून वाळवलेल्या साखरेत, इटलीतल्या मिलान शहराच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलो वजनाची प्रतिकृती केली. २०२२ मध्ये तिची लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंद झाली. विशेष म्हणजे ते आयसिंग अंड्याविना होते. आमच्या शाकाहारी मंडळींना त्या बातमीने फारच धीर आला.

आता आमच्या घराची कृती. पूर्वी रुखवतात थर्मोकोल सर्रास असे. आता ते मनातून काढून टाका. त्याचे दाणे सुटून खाण्यात येतात, आणि सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीही आहे. आपला पन्हाळीचा पुठ्ठा, टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा, सगळ्यांत उत्तम. तो कापताना आतल्या नळ्या भिंतीत उभ्या आल्या पाहिजेत आणि छपरात आढ्यापासून वळचणीकडे. आडव्या नळ्यांचा पुठ्ठा वजनाखाली दुमडतो. इथल्या एका इंजिनिअर काकांनी हे मुलांना दोन तुकड्यांवर पुस्तके ठेवून दाखवले, तेव्हापासून पुठ्ठा कापायचे काम मुले माझ्या हाती देतच नाहीत.

माप म्हणाल तर लांब भिंत २० बाय १२ सें.मी., त्रिकोणी माथ्याची भिंत १५ सें.मी. रुंद आणि टोकापाशी २० सें.मी. उंच, छपराचे दोन भाग प्रत्येकी २२ बाय १४. ही बिस्किटांची मापे झाली. सांगाडा सगळीकडून अर्धा सें.मी. आत ठेवायचा. आत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या खाचा पाडून एकमेकींत फुलीसारख्या अडकवल्या की तीच तुळई आणि तीच कैची. सांधे चिकटवायला मैद्याची खळ. मग सगळ्या सांगाड्याला आणि खालच्या प्लायवुडच्या फळीला स्वयंपाकातली अॅल्युमिनियमची फॉइल खळीनेच चिकटवायची. वर्तमानपत्र अजिबात नको, छपाईची शाई खाण्याला लागते. टाचण्या, तारा, टूथपिक यांनाही मज्जाव. जे मुलांच्या तोंडात जाणार त्यात टोकदार काही लपलेले नसावे.

बिस्किटांसाठी अर्धा किलो मैदा, सव्वादोनशे ग्रॅम लोणी, दोनशे ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे सुंठ, वेलदोडा-जायफळ, आणि गोळा होईल इतकेच दूध. सोडा घालायचा नाही, नाहीतर बिस्किट पसरते आणि मापे बिघडतात. चार-पाच मि.मी. जाड लाटून, कापून, १७० अंशांवर कडा तांबूस होईपर्यंत भाजा. बाहेर काढल्याबरोबर, गरम असतानाच, पुठ्ठ्याचा नमुना वर ठेवून कडा सुरीने सरळ करा. गार झाल्यावर सुरी लावली तर तुकडेच पडतात.

आता गारा. अंड्याचा पांढरा बलक चालत असेल तर एकाला सव्वादोनशे ग्रॅम आयसिंग शुगर. चालत नसेल तर छोले! मीठ न घालता उकडलेल्या काबुली चण्यांचे पाणी अंड्याच्या बलकाइतके दाट होईपर्यंत आटवायचे. त्याचे चार मोठे चमचे, साडेचारशे ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे काही थेंब एकत्र करून फेटत राहायचे. पांढराशुभ्र, टोक धरणारा गारा होतो आणि चण्याचा वास जराही येत नाही. चण्याचे पाणी असे फेसाळते हे जगाच्या ध्यानात आले ते २०१४-१५ च्या सुमारास. आपण इतकी वर्षे ते मोरीत ओतत होतो किंवा आमटीत. बेळगावच्या एका वहिनींनी फोनवर विचारले, "गाऱ्याला कुंदा नाही का चालणार?" कुंदा वाटीतच बरा!

भिंती लावून रात्रभर वाळू द्या, छप्पर दुसऱ्या दिवशी. सांगाडा असला तरी ही घाई नको, कारण ओला गारा इथल्या हवेत फार सावकाश सुकतो.

छपराची गंमत वेगळीच. परदेशी घरावर पांढऱ्या साखरेचा बर्फ असतो. आमच्या पोरांना तो नको होता. खानापूरकडच्या एका मुलाने चित्र काढून आणले ते थेट त्याच्या आजोळचे, मंगळुरी कौलांचे, पुढे पडवी असलेले. मग ठरले, की कौलेच घालायची. उरलेल्या पिठात थोडा कोको मिसळून बोटाएवढ्या पट्ट्या भाजल्या. खालून, वळचणीपासून, पहिली ओळ, तिच्यावर अर्धी चढवून दुसरी, अशी आढ्यापर्यंत. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून कौले अशीच का घालतात, हे त्या मुलांना त्या दुपारी कळले. पण अशी एकावर एक चढवली की छप्पर दुप्पट भारी होते. सांगाड्याविना ते शक्यच नव्हते.

कुंपणाला मात्र सुरतेनेच हात दिला. सुरत हे भट्टीचे जुने गाव. गोरे व्यापारी हजिऱ्याशेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरत, आणि त्यांच्यामागे पावही आला. डच लोक निघून जाताना आपली भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे सोपवून गेले आणि तिथून सुरती नानखटाई घरोघर गेली, अशी हकिकत इथे सांगतात. दोटीवाला हे नाव १८६१ पासून आजही दुकानावर आहे. इथला 'बटासा' मात्र आपला साखरेचा बत्तासा नव्हे. ते जिरे घातलेले, गोल, कडक, खारे बिस्किट. दगडी गडग्यासाठी याहून चांगला दगड मिळायचा नाही. मुलांनी त्याचेच तुळशीवृंदावनही रचले आणि किल्ला करणाऱ्या पोरांच्या सवयीने कोपऱ्यात एक बुरूजही. घर खानापूरचे, बुरूज कशाला, असे मी विचारले तर म्हणाले, "काकू, दिवाळीत उरलेला मावळा कुठे उभा करायचा मग?"

मुंग्यांसाठी अज्जींचाच उपाय. चार वाट्यांत पाणी, वाट्यांत उपडे ग्लास, त्यांवर फळी. दुभत्याच्या कपाटाचे पाय पूर्वी पाण्यात ठेवत तसेच. घर मात्र दोन दिवसांहून जास्त मांडून ठेवू नये. धूळ बसते, हात लागतात आणि बिस्किट सादळते.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला सगळ्या वसाहतीला चहाचे बोलावणे. मोडायची रीतही ठरलेली आहे. आधी कौले, मग भिंती, शेवटी गडगा. गाऱ्याचे टणक तुकडे चहात साखर म्हणून. त्या वेळी चौदा-पंधरा मुले होती, फळीवर पंधरा मिनिटांत भुगाच उरला आणि तो कबुतरांनी खाल्ला. अज्जींनी दोन कौले चहात बुडवून खाल्ली आणि सुंठ कमी पडली म्हणून सांगितले. पुढच्या खेपेला दोनाचे तीन चमचे घालणार आहोत. सांगाडा तेवढा उरतो. फॉइल काढून, आतली फुली सोडवून, तो सपाट घडी करून पलंगाखाली ठेवायचा. खानापूरच्या त्या मुलाच्या वडिलांची पुढे बदली झाली, तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये तो गादीच्या घडीत गेला.