घरचा जलाशय : लेखांक सहावा
पाण्यात राहणारा, हवेवर जगणारा

टाकीतील पाणी कसे मुरते, माशांच्या विष्ठेतून उत्पन्न होणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट सूक्ष्म जीवाणू कशी लावतात आणि त्या कारभाराला काही आठवड्यांची मुदत का द्यावी लागते, याचा तपशील मागील लेखांकात येऊन गेला. तो बंदोबस्त ज्यांनी धीराने पुरा केला, त्यांच्यापैकी कित्येकांची दृष्टी पुढे माशांवरून ढळून, दुकानातल्या एखाद्या टाकीच्या तळाशी हातपाय पसरून निश्चल पडलेल्या, काळे ठिपके ल्यालेल्या तपकिरी बेडकांकडे वळते. आणि मासा ज्या पाण्यात सुखी तेथे बेडूकही सुखी असणारच, या समजुतीने ते त्यांना घरी आणतात. ही समजूत अर्धी खरी आहे; उरलेल्या अर्ध्यासाठी आजचा लेखांक.

शास्त्रज्ञ ज्याला हायमेनोकायरस बोएटगेरी म्हणतात, तो हा आफ्रिकेतील बुटका बेडूक. नायजेरिया, कॅमेरून, गॅबॉन आणि कांगो या प्रदेशांतील अरण्यांत, झाडांच्या सावलीतल्या उथळ व संथ पाण्यात त्याचा मूळ अधिवास. पूर्ण वाढ झाली तरी तो तीन-चार सेंटिमीटरांपलीकडे जात नाही, आणि आपल्याकडच्या बेडकांप्रमाणे जमिनीवर येऊन बसण्याची त्याला गरज पडत नाही. खरेदी करताना मात्र एक तफावत डोळ्यांत तेल घालून पाहावी. याच कुळातील झेनोपस लेव्हिस हा दक्षिण आफ्रिकेचा बेडूक बालवयात हुबेहूब असाच दिसतो. पण त्याची मादी दहा-बारा सेंटिमीटरांपर्यंत वाढते आणि टाकीतील लहान मासे एकामागून एक फस्त करते. पुढच्या पायांच्या बोटांमध्ये पडदा असेल तर तो आपला बुटका. बोटे सुटी असतील तर तो झेनोपस समजावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. या बेडकाला प्रौढपणी कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. थोडासा प्राणवायू त्वचेतून मिळत असला, तरी थोड्या थोड्या वेळाने त्याला पृष्ठभागावर यावेच लागते: तळावरून तो एकाएकी सरळ वर झेपावतो, नाकाचे टोक क्षणभर पाण्याबाहेर काढतो आणि तितक्याच लगबगीने पुन्हा खाली बुडतो. टाकीची सारी रचना या एका फेरीच्या सोयीने ठरवावयाची असते. पाणी फूटभराहून फार खोल नसावे. तरंगत्या वनस्पतींनी सगळा पृष्ठभाग झाकू देऊ नये. दुबळ्या पोहणाऱ्याला प्रवाहाशी झुंजावे लागू नये म्हणून जोरकस यंत्राऐवजी साधा स्पंज फिल्टर वापरावा. आणि पाणी व झाकण यांच्यामध्ये दोन-तीन बोटे हवा राखावी. झाकण तर अपरिहार्यच, कारण लहानशा फटीतूनही हा प्राणी बाहेर पडतो आणि बाहेर पडला की काही तासांतच सुकून मरतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद व तितक्याच उंच टाकीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावते. चार-पाच बेडकांच्या कुटुंबाला एवढी जागा पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट त्वचेची. ती इतकी झिरपणारी असते की पाण्यात जे मिसळाल, ते थोडेफार त्याच्या अंगातही मिसळते. म्हणून नळाच्या पाण्यातील क्लोरिनचा परिहार अँटिक्लोरने आधी करावा, आणि माशांच्या रोगांवरील तांब्याची औषधे या टाकीत चुकूनही घालू नयेत. पाण्याचे तापमान 24 ते 26 अंशांच्या आसपास असलेले बरे. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात ते सहज तिशी ओलांडते. अशा वेळी काचेच्या जागी जाळीचे झाकण घालून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडण्याची तजवीज करावी.

तिसरी बाब अन्नाची, आणि गफलत बहुधा येथेच होते. या कुळातील बेडकांना जीभ नसते. किडा जिभेने टिपण्याची कला त्यांच्या वाट्याला आलेली नाही. दृष्टीही मंद. ब्लडवर्मचा एक तुकडा समोर येऊन पडला, तरी बेडूक प्रथम स्तब्ध राहतो. मग वास घेत, अंगावरील संवेदक ठिपक्यांनी पाण्याची हालचाल जोखत, आंधळ्याने भिंत चाचपावी तसा पुढे सरकतो, एकदोनदा हुकतो, आणि अखेर तोंडाने ओढून, पुढच्या दोन्ही हातांनी घास आत लोटतो. एवढ्या अवधीत चपळ माशांनी पंक्ती उठवलेल्या असतात. त्यामुळे ठरलेल्या एका जागी, लांब चिमट्याने किंवा नळीने, अन्न थेट त्याच्यापुढे ठेवावे; प्रौढांना दिवसाआड दिले तरी चालते. तळाशी एकतर बारीक वाळू घालावी, नाहीतर तोंडात न मावतील असे गोटे ठेवावेत, कारण घासाबरोबर गिळलेला खडा प्राणघातक ठरू शकतो.

नराच्या पुढच्या पायांमागे, काखेपाशी, एक फिकट उंचवटा असतो. नर पाण्याखाली बारीक गुणगुणतो, आणि रात्रीच्या शांततेत ही गुणगुण काचेबाहेरही ऐकू येते. मीलनकाळी तो मादीच्या कमरेला मिठी घालतो, जोडी पृष्ठभागापाशी कोलांट्या घेते आणि अंडी तेथेच सोडते. ती वेळीच वेगळी काढावीत, अन्यथा जन्मदातेच ती खाऊन टाकतात.

शेवटी जबाबदारीचे दोन शब्द. 2008 ते 2011 या काळात अमेरिकेत याच बेडकांच्या टाक्यांतून साल्मोनेलाची लागण होऊन शेकडो लोक आजारी पडले, आणि त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. टाकीत हात घातल्यावर तो साबणाने धुवावा, आणि टाकीची उपकरणे स्वयंपाकघरातील मोरीत कदापि नेऊ नयेत. तसेच, 1999 मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि ज्याने जगभर बेडकांच्या कित्येक जाती धोक्यात आणल्या, तो कायट्रिड बुरशीचा रोग व्यापारातील बेडकांबरोबर प्रवास करतो. हौस ओसरली म्हणून बेडूक ओढ्यात किंवा विहिरीत सोडून देणे हे भूतदयेचे नव्हे, तर आपल्याच पावसाळी बेडकांवर संकट लोटण्याचे कृत्य होय. सांभाळणे अशक्य झाल्यास तो दुसऱ्या जाणत्या पालकाच्या हवाली करावा. नीट सांभाळलेला बेडूक पाच वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक जगतो. एवढ्या मुदतीचा करार पाळण्याची तयारी असेल, त्यानेच दुकानाची पायरी चढावी.

पुढील लेखांकात टाकीतील पाणवनस्पतींचा विचार करू.