रुग्णनोंदींचा दुय्यम उपयोग

रुग्णनोंदींचा दुय्यम उपयोग : निदान व उपचार यांसाठी ठेवलेल्या नोंदींचा मूळ हेतूखेरीज संशोधन, रोगांवरील पाळत, लसीकरणाचे नियोजन इ. कामी केलेला वापर. इन्फ्ल्यूएंझासारख्या हिवाळी विषाणुजन्य रोगांच्या प्रतिबंधात त्यास विशेष महत्त्व आहे.

ग्रेट ब्रिटनमध्ये ही पद्धती चांगली रुजली. तेथे बहुतेक नागरिकांचे नाव कुटुंबाच्या डॉक्टरकडे नोंदविलेले असते. त्यामुळे आजाऱ्यांच्या संख्येबरोबरच ते किती लोकांपैकी आहेत, हेही कळते. केवळ रुग्णालयाच्या नोंदींवरून हे सहसा सांगता येत नाही. यॉर्कशरच्या वेन्झ्लीडेल खोऱ्यात व्यवसाय करणारे विल्यम पिकल्स यांनी रोजच्या नोंदींवरून संसर्ग एका खेड्यातून दुसऱ्यात कसा गेला, याचा माग काढला. त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे डॉक्टरांच्या महाविद्यालयाचे ते पहिले अध्यक्ष झाले. या संस्थेने १९५७ मध्ये नोंदी व सांख्यिकी यांसाठी स्वतंत्र विभाग काढला. निवडक दवाखान्यांतून दर आठवड्यास माहिती जमविण्याची तिची प्रथा आजही चालू आहे. इन्फ्ल्यूएंझासदृश आजाराचे प्रमाण ठराविक मर्यादेबाहेर गेले की, साथ सुरू झाल्याचे समजते.

लशीचा गुणही नोंदींवरूनच अजमावता येतो. खोकला व ताप यांसाठी आलेल्या रुग्णांच्या घशातील वा नाकातील नमुने तपासतात. विषाणू आढळलेल्या व न आढळलेल्या रुग्णांत लस घेतलेल्यांचे प्रमाण किती, याची तुलना केली जाते. दोन्ही गट डॉक्टरकडे आलेल्यांचेच असल्याने, उपचार घेण्याच्या सवयीतील फरकामुळे होणारी दिशाभूल कमी होते. ती पूर्णपणे टळते, असे मात्र नाही. लसीकरणाची नोंद अपुरी असेल, तर सारे गणित चुकते. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून श्वसन संकोशिका विषाणूविरुद्ध ७५ ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तींना आणि २८ आठवड्यांपुढील गर्भवतींना लस देण्यास प्रारंभ झाला. पात्र व्यक्ती शोधण्यासही याच नोंदींचा आधार घेतात.

डॉक्टरला विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिऱ्हाइताच्या हाती जावी काय, हा येथील कळीचा प्रश्न होय. नाव व पत्ता गाळला, तरी जन्मतारीख, गाव व दुर्मिळ रोग एकत्र आल्यास व्यक्ती ओळखू येऊ शकते. इंग्लंडमधील सर्व दवाखान्यांच्या नोंदी एकत्र करण्याची ‘केअर.डेटा’ ही योजना लोकांना नीट न समजावता पुढे रेटल्याने २०१४ मध्ये थांबवावी लागली व २०१६ मध्ये गुंडाळली गेली. मे २०१८ पासून नागरिकांस दुय्यम उपयोगास नकार नोंदविता येतो. तथापि सांसर्गिक रोगांच्या नियंत्रणासाठी कायद्यान्वये घेतल्या जाणाऱ्या माहितीस हा नकार लागू नाही. नकार देणाऱ्या सामान्य माणसास हा अपवाद क्वचितच ठाऊक असतो.