गांजाला परवाना द्यावा काय?

गांजा कायदेशीर करावा की करू नये, हा वाद कालपरवापर्यंत इंग्रजी वर्तमानपत्रांचा होता. बंगल्यात राहणाऱ्यांनी तो घालावा आणि आपण सोडून द्यावा, असेच चालले होते. आता तसे राहिलेले नाही. माणिकपूरच्या चाळीत कॉलेजात जाणारा मुलगा बापाला सांगतो, "पप्पा, जर्मनीने केला, कॅनडाने केला, मग आपल्याकडेच काय अडचण?" आणि शेजारच्या खोलीतली बाई, जिचा मुलगा दोन वर्षांपासून हाताबाहेर गेला आहे, ती म्हणते, "विकणाऱ्याला भर चौकात फाशी द्या." दोघांचेही आम्ही ऐकून घेतले आहे. दोघेही खरे बोलतात. पण दोघांपैकी एकालाही कायदा नीट ठाऊक नाही. त्यात त्यांचा दोष नाही. तो समजेल अशा भाषेत कोणी सांगितलेलाच नाही.

आधी कायदा बघू. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने गांजा-भांगेची चौकशी करायला एक आयोग नेमला होता. त्याने देशभर फिरून सात खंडांचा अहवाल दिला आणि सांगितले की, बंदी नको, कर लावा. त्यानंतर अनेक प्रांतांत सरकारी परवान्याची गांजाची दुकाने चालली. मुंबई राज्यात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यातच गांजा-भांग येत होती. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने त्यावर सही केली. पुढे १९८५ साली अमली पदार्थांचा जो केंद्रीय कायदा आला, ज्याला आपण 'एनडीपीएस' म्हणतो, त्याने सगळ्या देशाला एकच नियम लावला. झाडाचा शेंडा म्हणजे गांजा, त्याची राळ म्हणजे चरस. या दोन्ही गुन्हा. नुसते पान, म्हणजे भांग, या केंद्रीय कायद्यात बसत नाही. तिचा कारभार राज्यांकडे. एकाच रोपट्याचे पान लोटाभर ताकात घोटून प्यायले तर परंपरा, आणि शेंडा चिलमीत भरला तर तुरुंग! कायदे करणाऱ्यांना यात काही विचित्र वाटले नसावे.

या कायद्यात मालाच्या वजनावर शिक्षा ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर 'अल्प प्रमाण', वीस किलोहून जास्त असेल तर 'व्यापारी प्रमाण'. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्ष, व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी. नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हेरॉइन, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत.

आता हे कलम पडते कोणाच्या डोक्यावर? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या न्यायालयांतले २०१७ आणि २०१८ सालचे खटले तपासले. सेवनाच्या खटल्यांत बहुतेक गांजाचे निघाले, आणि शिक्षा झालेले बहुतेक लोक रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले नाहीतर रस्त्यावर राहणारे. आश्चर्य वाटण्यासारखे यात काही नाही. ज्याच्या घराला दार आहे तो दार लावून ओढतो. ज्याचे घर दहा बाय दहाचे, तो स्टेशनच्या भिंतीआड ओढतो आणि गस्तीवरच्या शिपायाला सापडतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ जहाजाचे प्रकरण टीव्हीवर दिवसरात्र चालले होते, ते वाचकांना आठवत असेल. एका बड्या अभिनेत्याच्या मुलाला अटक झाली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रातून वगळले गेले. त्याला न्याय मिळाला, याचे आम्हांला वाईट वाटत नाही. पण त्याच्यासाठी देशातले नामांकित वकील उभे होते. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलगा पार्सल पोहोचवण्याचे काम करायचा. खिशात एक पुडी सापडली. आईने मंगळसूत्र गहाण टाकले आणि वकील केला. तारखांना कंटाळून मुलाने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि सुटला. घरच्यांना वाटले, चला, मिटले. सहा महिन्यांनी एका कंपनीत पक्की नोकरी लागत होती. तिथे पोलीस पडताळणीचा कागद मागितला. कागद मिळाला, पण त्यावर हा गुन्हा होता. नोकरी गेली. पुडीने त्या मुलाचे जेवढे नुकसान केले नसते, तेवढे त्या एका ओळीने केले. आम्ही आयुष्यभर कारकुनी केली आहे, कागदावरची एक ओळ काय करू शकते हे आम्हांला चांगले ठाऊक आहे.

मग परवाना देऊन टाकावा काय? इथे आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. आपले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे, मग आपल्या माणसाने या वादात पडावेच कशाला? पडावे. कारण बाबासाहेब पडले होते. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा निघाला, त्यात सरकारच्या दारूबंदीला उघड विरोध आहे. बंदीमुळे हक्काचा महसूल बुडतो, वर पोलिसांचा खर्च वाढतो, आणि दारू गाळण्याचे काम घरात शिरल्यामुळे जे बायकामुलांच्या नजरेआड होते ते त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ लागले, असा त्याचा आशय आहे. आणि पुढे पाचच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. काहींना यात विसंगती दिसते. आम्हांला दिसत नाही. शील माणूस स्वतः घेतो, स्वतः पाळतो. कायदा पोलीस पाळायला लावतो. पहिल्याचे काम दुसऱ्याकडे सोपवले की शीलही राहत नाही आणि हप्ता मात्र सुरू होतो.

पण त्याच जाहीरनाम्याचा आधार घेऊन कोणी गांजाच्या दुकानाचा फलक रंगवायला निघाला, तर त्याने दारूचा हिशेबही मांडावा. बंदी सैल करून महाराष्ट्राला कित्येक वर्षे झाली. परवान्याची दारू गल्लोगल्ली मिळते. तरी डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर गेली. मेलेले सगळे हातावर पोट असणारे. दुकान होते, दुकानात बाटली होती, पण कर चढवलेली ती बाटली त्यांना परवडत नव्हती. म्हणून त्यांनी मिथेनॉल मिसळलेली पिशवी घेतली. कायदेशीर केले की चोरटा धंदा आपोआप बसतो, असे जे सांगतात, त्यांनी मालवणीत जाऊन सांगावे. श्रीमंतापुरता तो बसेलही.

दुसरी गोष्ट तिजोरीची. दारूवरच्या शुल्कातून राज्याला वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त मिळतात. राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटी धरली, तर पाळण्यातल्या मुलासकट माणशी सोळाशे रुपये झाले. पाच माणसांच्या घराचे आठ हजार. आणि ही रक्कम फक्त शुल्काची, बाटलीची किंमत वेगळी. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने हे शुल्क आणखी वाढवले, तेव्हा कारण उघड सांगितले गेले की महसूल हवा. चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती मे २०२१ मध्ये उठवली गेली. माणसाला व्यसन लागते तसे ते सरकारलाही लागते, आणि सरकारला व्यसनमुक्ती केंद्रात घालता येत नाही. गांजावर एकदा कर बसला की तो कमी खपावा असे कोणत्या अर्थमंत्र्याला वाटेल?

परवान्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. दारूच्या दुकानाविरुद्ध बायका मतदान मागू शकतात. 'उभी बाटली की आडवी बाटली' म्हणून महाराष्ट्रात कितीतरी दुकाने त्यांनी आडवी केली आहेत. पुडीवाल्याच्या विरुद्ध मतदान कुठे मागणार? त्याला ना पाटी, ना पत्ता, ना विक्रीची वेळ, आणि गिऱ्हाईक बारा वर्षांचे आहे की बावीसचे हे तो विचारत नाही.

परदेशाचे दाखले तरुण मंडळी फार देतात, पण अर्धेच देतात. पोर्तुगालने २००१ साली गांजा विकायला परवानगी दिली, हे साफ खोटे आहे. तिथे विक्री आजही गुन्हा आहे. फक्त स्वतःपुरता, म्हणजे दहा दिवसांचा साठा सापडला, तर माणूस फौजदारी कोर्टात न जाता एका समितीपुढे जातो आणि त्याला उपचाराची वाट दाखवली जाते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये तसेच करून पाहिले, पण उपचाराची सोय उभी राहण्याआधीच शिक्षा काढून टाकली. रस्त्यांवर उघड नशा सुरू झाली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि तीन वर्षांत पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून स्वतःपुरता बाळगण्याला आणि घरी झाड लावण्याला मुभा दिली, पण दुकाने उघडली नाहीत. म्हणजे 'दुकान उघडा' आणि 'पिणाऱ्याला कैदी करू नका' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. वादात त्या एकाच पिशवीत कोंबल्या जातात, तिथेच सगळा घोटाळा होतो. आमचे मत विचाराल तर पहिलीला नाही, दुसरीला होय.

आणि हे गांजापुरते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, याला परवाना द्या असे कोणी शहाणा म्हणत नाही. फेब्रुवारी २०१५ पर्यंत हा पदार्थ एनडीपीएसच्या यादीतच नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात सातशे किलोहून अधिक एमडी पकडले, किंमत चौदाशे कोटींच्या घरात सांगितली गेली. नालासोपारा म्हणजे वसई रोडच्या पुढचेच स्टेशन. एवढ्या मालाच्या मागे जायचे सोडून एका पुडीमागे चार शिपाई आणि एक कोर्ट अडकवून ठेवणे कोणत्या हिशेबात बसते?

२०१९ साली केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने एम्सकडून केलेले देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. भांग, गांजा, चरस घेणारे तीन कोटींच्या वर, दारू पिणारे सोळा कोटी. पण आम्हांला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच आकड्याने. हुंगण्याची नशा, म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन, ही एकच नशा अशी की तिचे प्रमाण मोठ्यांपेक्षा दहा ते सतरा वयाच्या मुलांत जास्त निघाले. यातली प्रत्येक वस्तू दुकानात मिळते. तिच्या परवान्याचा वाद कधीच झाला नाही.

ज्या घरांत हा प्रश्न आजच दाराशी आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे न्यायालय शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकते. मुलगा गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला ही दोन कलमे विचारा. वकील टाळू लागला तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, पात्र गरिबांना तिथे वकील फुकट मिळतो. दुसरे, १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन क्रमांक आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र आपल्या वसईतच आहे, आणि पुण्याला डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभे केलेले मुक्तांगण आहे. मुलाला घेऊन जाताना बापानेही बरोबर जावे. आतापर्यंत आम्ही पाहिलेल्या बहुतेक घरांतून आई एकटीच गेलेली आहे.