उडीचे मोजमाप : संवेदक चटई आणि चंद्रपूर-गडचिरोलीची मैदाने

शिवछत्रपती क्रीडापीठाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश देताना मुलामुलींच्या ज्या चाचण्या घेतल्या जातात, त्यांत ३० मीटर धाव, शटल रन, ८०० मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक यांच्या जोडीला ‘व्हर्टिकल जंप’, म्हणजे जागच्या जागी वर मारलेली उडी, हीदेखील असते. ती मोजण्याची रूढ पद्धत साधी आहे. मुलगा भिंतीला खांदा लावून, टाचा न उचलता हात वर ताणतो, खडू लावलेल्या बोटांनी पहिली खूण करतो, मग उडी मारून जमेल तितक्या वर दुसरी खूण करतो, आणि दोन खुणांमधले अंतर ही त्याची उडी मानली जाते. अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाचे प्रवर्तक डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये ही चाचणी मांडली आणि तेव्हापासून ती जगभरच्या शाळांत टिकून आहे, कारण तिला भिंत, खडू आणि टेप यांपलीकडे काहीच लागत नाही. मात्र पहिल्या खुणेच्या वेळी ज्याने हात पुरता ताणला नाही त्याची उडी आपोआप वाढते, उडीच्या शिखरावर असतानाच हात भिंतीला लागेल याची खात्री नसते, आणि स्टुलावर उभ्या असलेल्या शिक्षकाला पन्नासाव्या मुलाची खूण पहिल्या मुलाइतक्याच काटेकोरपणे वाचता येईल, असेही नाही.

या अडचणींवर उपाय म्हणून क्रीडाविज्ञानात जी साधने आली, त्यांतील सर्वांत सुटसुटीत साधन म्हणजे संवेदक बसवलेली चटई. तिच्या सर्वांत साध्या प्रकारात वीजवाहक पदार्थाचे दोन पातळ थर असतात आणि त्यांच्यामध्ये जागोजागी छिद्रे असलेला फोमचा थर असतो. वर कोणी उभे राहिले की फोम दबतो, छिद्रांतून दोन्ही थर एकमेकांना टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते, तर पाय सुटताक्षणी ते तुटते. म्हणजे या चटईला वजन कळत नाही, जोरही कळत नाही. पाय टेकलेला आहे की सुटलेला, आणि तो कोणत्या क्षणी सुटला व कोणत्या क्षणी परत टेकला, एवढेच तिला कळते, पण ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळू शकते.

एवढ्या माहितीवरून उंची काढता येते, याचे कारण गुरुत्वाकर्षण सर्वांसाठी सारखे आहे. उडी मारणाऱ्याचे शरीर हवेत असताना त्यातला निम्मा वेळ वर जाण्यात आणि निम्मा खाली येण्यात जातो असे धरले, तर हवेतील काळाचा वर्ग करून त्याला ९.८१ ने गुणावे आणि ८ ने भागावे, म्हणजे मीटरमध्ये उंची मिळते. अर्धा सेकंद हवेत राहिलेल्या मुलीची उडी या हिशेबाने सुमारे ३०.७ सेंटिमीटर होते, आणि ०.६ सेकंद राहिलेल्या मुलाची सुमारे ४४ सेंटिमीटर. काळाचा वर्ग होत असल्याने लहानशी चूकही वाढून दिसते. अर्ध्या सेकंदाच्या जागी ०.५१ सेकंद नोंदले गेले, तर उडी सव्वा सेंटिमीटरने फुगते.

‘निम्मा वेळ वर, निम्मा खाली’ या गृहीतकात एक पळवाटही आहे आणि मुलांना ती फार लवकर सापडते. जमिनीवरून सुटताना गुडघे सरळ आणि चवडे ताणलेले असतात, परंतु खाली येताना गुडघे पोटाशी घेतले तर पाय चटईला उशिरा टेकतात, यंत्राला हवेतील काळ जास्त दिसतो आणि शरीर तेवढे वर गेलेले नसतानाही पडद्यावर मोठा आकडा येतो. म्हणून हात कमरेवर ठेवून उडी मारणे, सुटताना जशी ठेवण होती तशाच सरळ पायांनी आधी चवड्यावर उतरणे, आणि हे न पाळलेली उडी रद्द करणे हे नियम यंत्राइतकेच महत्त्वाचे ठरतात. शिवाय भिंतीवरची उडी तळपाय पूर्ण टेकलेल्या स्थितीपासून मोजली जाते, तर चटई चवडा सुटल्यापासून मोजते. टाच उचलताना शरीर जेवढे वर येते तेवढे चटईच्या हिशेबात येतच नाही, आणि हात कमरेवर असल्याने हातांच्या झोक्याचा लाभही मिळत नाही. त्यामुळे एकाच मुलाचा आकडा भिंतीवर मोठा आणि चटईवर लहान येतो. एका शाळेने भिंतीवर आणि दुसरीने चटईवर मोजून दोन्हींची एकच गुणवत्ता यादी लावणे हा उघड अन्याय होईल.

उंचीपेक्षाही चटईची खरी उपयुक्तता पाय जमिनीवर किती वेळ टेकला हे सांगण्यात आहे. ठरावीक उंचीच्या ठोकळ्यावरून खाली उतरून, पाय टेकताक्षणी पुन्हा उसळायचे, अशी एक चाचणी असते, तिला ‘ड्रॉप जंप’ म्हणतात. दोन खेळाडू तीस-तीस सेंटिमीटर उसळले, पण एकाचा पाय ०.२ सेकंद टेकला आणि दुसऱ्याचा ०.३ सेकंद, तर उंचीला स्पर्शकाळाने भागून पहिल्याचा निर्देशांक १.५ आणि दुसऱ्याचा १ येतो. भिंतीवर दोघे सारखेच दिसले असते. हा फरक पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची कंडरा ताणली जाऊन पुन्हा आखडताना किती चपळाईने ऊर्जा परत देतात, त्यातून येतो. पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देऊन वळणारा खो-खोपटू किंवा चढाईत बोनस रेषेवरून मागे फिरणारा कबड्डीपटू यांना उंच उडीपेक्षा हीच क्षमता अधिक लागते.

पायाखालच्या जोराची नोंद घेण्याची कल्पना जुनी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे आणि त्यांचे सहकारी जॉर्ज दमनी यांनी १८८० च्या दशकातच पावलाचा दाब नोंदवणारा मंच तयार केला होता. त्याच वाटेने पुढे ‘फोर्स प्लेट’ आली. जमिनीत घट्ट बसवलेली ही पट्टी पायाने दिलेला जोर क्षणाक्षणाला मोजते आणि डाव्या-उजव्या पायांतला फरकही दाखवू शकते, पण तिची किंमत लाखांच्या घरात जाते. स्वस्त चटईचा मार्ग रूढ होण्यात इटलीचे कार्मेलो बॉस्को यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९८३ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह सलग उड्यांमधील हवेतील काळावरून स्नायूंची शक्ती काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या तरुणांच्या ओळखीची चटई मात्र वेगळी आहे, ती पोलीस भरतीची. १६०० मीटरच्या धावेत उमेदवाराला चिप दिलेली असते आणि आरंभ-अंतिम रेषेवर अंथरलेल्या चटईत अँटेना असतो. चिप जवळून गेली की रेडिओलहरींनी तिचा क्रमांक वाचला जातो आणि वेळ नोंदली जाते. ही चटई पावलाचा दाब ओळखत नाही, माणूस ओळखते. हातातल्या स्टॉपवॉचच्या वेळेपेक्षा अशी नोंद का हवी, हे लहान शर्यतीत लख्ख दिसते. बंदुकीचा आवाज ऐकून कळ दाबेपर्यंत वेळ जातो आणि अंतिम रेषेवर धावपटू येताना आधीच दिसत असल्याने कळ तशी उशिरा दाबली जात नाही, म्हणून १०० मीटरच्या हातमोजणीला विद्युतमोजणीच्या बरोबरीत आणण्यासाठी मैदानी खेळांत ०.२४ सेकंद मिळवण्याचा संकेत आहे. जिथे सेकंदाच्या अंशावर गुणांचा टप्पा बदलतो आणि गुणांवर गडचिरोलीतल्या एखाद्या घराची पहिली सरकारी नोकरी अवलंबून असते, तिथे हा अंश क्षुल्लक म्हणता येत नाही.

या दोन जिल्ह्यांत मैदाने आणि स्पर्धा यांची वानवा पूर्वीइतकी राहिलेली नाही. बल्लारपूरजवळच्या विसापूरच्या क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, आणि चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड या आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांतील मुले दरवर्षी प्रकल्प आणि विभाग पातळीवर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल खेळतात. २०१८ च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’ अंतर्गत चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, तेव्हा ‘रानातली मुले मुळातच काटक’ असे कौतुक सर्वत्र झाले. या कौतुकात एक धोका आहे. ही मुले निवडीच्या अनेक फेऱ्यांतून गेली होती आणि दार्जिलिंग व लडाखमध्ये त्यांनी खडतर प्रशिक्षण घेतले होते. काटकपणा जन्मजात मानला की प्रशिक्षण, आहार आणि वैद्यकीय देखरेख यांची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

एका दिवसाच्या आकड्यावर निवड करण्यातही असाच धोका आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांत ज्याची वाढ लवकर सुरू झाली त्याची उडी साहजिकच उंच येते, आणि ज्याची वाढ दोन वर्षांनी होणार आहे तो त्या दिवशी मागे पडतो, मग त्याच्या ठायी गुण किती का असेनात. मोजणी कितीही अचूक असली तरी ती त्या सकाळच्या शरीराची असते. म्हणून चटई निवड समितीच्या टेबलापाशी वर्षातून एकदा अंथरण्यापेक्षा आश्रमशाळेच्या व्हरांड्यात वर्षभर असणे अधिक मोलाचे आहे. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, अंग गरम करून झाल्यावर तीन उड्या घेतल्या, तर काही आठवड्यांत प्रत्येक मुलाचा वा मुलीचा नेहमीचा आकडा आणि त्यातला स्वाभाविक चढउतार कळतो. मग एखाद्या आठवड्यात तो त्या चढउताराच्याही खाली घसरला, किंवा उंची तीच राहून स्पर्शकाळ वाढला, तर सराव जास्त झाला, झोप कमी पडली, ताप येऊन गेला किंवा घोटा दुखतो आहे, यांपैकी काहीतरी विचारायला हवे, हे शिक्षकाला वेळीच समजते. दिवाळीची वा उन्हाळ्याची सुट्टी गावी घालवून परतलेल्या मुलांना लगेच पूर्ण सरावाला जुंपायचे की नाही, हेही याच नोंदीवरून ठरवता येते.

त्यासाठी काही स्थानिक अटी मात्र सांभाळाव्या लागतात. चटईखालची जागा टणक आणि सपाट हवी. मुरमाड वा गवताळ मैदानावर ती वाकते आणि पाय सुटण्याआधीच किंवा टेकल्यानंतर उशिरा संकेत देते. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक आहे, तिथल्या उन्हात पडलेला फोम मऊ पडून एकदा दबला की पूर्ववत व्हायला वेळ घेतो, आणि पावसाळ्यात जोडणीच्या तारा गंजतात. त्यामुळे ती सावलीत, सिमेंटच्या फरशीवर अंथरावी, दर महिन्याला ज्ञात वेळेच्या तुलनेत तपासावी, आणि वीज जाण्याचे प्रमाण पाहता बॅटरीवर चालणारी असावी. अशी चटई बाहेरून विकत आणलीच पाहिजे, असेही नाही. वीजवाहक पत्रे, छिद्रांचा फोम आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर एवढ्या सामग्रीतून ती चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून बनवता येण्याजोगी आहे. तोवर सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइलचा कॅमेराही कामी येतो. पाय सुटला आणि टेकला ती दोन चित्रे शोधून मधली चित्रे मोजली, तर चूक सेकंदाच्या काही हजाराव्या भागांपुरतीच राहते.

या भागात मोजणीच्या वहीत आणखी एक रकाना असणे गरजेचे आहे, तो सिकलसेलचा. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक आजार विदर्भातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत आढळतो. ज्याला तो पूर्णपणे आहे अशा मुलाला अशा चाचण्यांआधी डॉक्टरांचा सल्ला लागतोच, पण जो केवळ वाहक आहे, म्हणजे ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच तो गुणधर्म मिळाला आहे आणि ज्याला एरवी काहीही त्रास नसतो, त्यालाही उष्म्यात, पाणी कमी पडलेले असताना, विश्रांतीविना पुन्हा पुन्हा कमाल जोर लावायला लावला तर क्वचित जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने याच कारणाने २०१० पासून पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी ही तपासणी अनिवार्य केली. तिचा हेतू वाहकांना खेळातून वगळणे हा नाही, आणि इथेही तो तसा असता कामा नये. वाहक मुलाने हळूहळू सराव वाढवावा, दोन प्रयत्नांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी, पाणी पिऊन मगच चटईवर यावे आणि अंग दुखू लागताच थांबावे. त्याची उडी इतरांइतकीच उंच जाऊ शकते, फक्त तापलेल्या दुपारी त्याच्याकडून सलग साठ सेकंदांच्या उड्यांची बॉस्को चाचणी घेऊ नये.